रोमानचं डोकं

फ्लोरिडाला जायचं माक्सिमच्या मनात दोन हिवाळे घोळत होतं. मार्चमध्ये शाळांना आठवड्याची सुट्टी लागली की उत्तरेकडच्या शिकुतिमी गावातली आमची अर्धी गल्ली रिकामी होते. उरलेले लोक दारातला बर्फ उपसतात आणि गेलेल्यांचे उघड्या पोटाचे फोटो बघतात. "या वर्षी फोटो टाकणारे आपण," माक्सिम म्हणाला. मी म्हटलं, "अरे, रोमान तीन वर्षांची आहे. तिला अजून बागेतली घसरगुंडी पुरते." पण ते बोलणं एल्वानं ऐकलं होतं. सहा वर्षांच्या पोरानं अशी गोष्ट एकदा ऐकली, की मग ती रद्द करायची कोणाची टाप नसते.

माझी खरी भीती मी बोलून दाखवली नाही. मला इंग्रजी येत नाही. शाळेत होतं, पण आमच्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलखात ते कामाला कधी लागतच नाही. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरला बसते, तिथे येणारा प्रत्येकजण फ्रेंचमध्येच कण्हतो. माक्सिमला येतं. निदान तो तसं सांगायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात बाहेरून यंत्रं येतात, यंत्रांबरोबर माणसं येतात, आणि त्यांच्याशी हा बोलतो.

"अ‍ॅनिक, उगाच घाबरतेस तू," तो म्हणाला. "ते हसतात, आपण हसायचं. त्यांनी काही विचारलं की 'येस' म्हणायचं. संपलं."

आम्ही गाडीनं गेलो. वाटेत एल्वा दोनदा ओकला आणि रोमाननं एक बूट खिडकीतून बाहेर टाकला, म्हणून वाटेतच नवा जोड घ्यावा लागला. थीम पार्कातले पहिले दोन दिवस रांगा, उन्हाची काहिली आणि पोरांची भांडणं यांत गेले. पार्काची निशाणी म्हणजे एक भलीमोठी खार. तिचा वेष घातलेलं माणूस जागोजागी पोरांना मिठ्या मारत हिंडायचं. ते लांबून दिसलं तरी रोमान माझ्या मांडीत तोंड खुपसायची. माक्सिम म्हणायचा, "होईल सवय." मला तसं वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एल्वाला मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसायचं होतं. दाराशी उंची मोजायची पट्टी होती. एल्वा टाचा न उचलता त्यात बसला आणि रोमान अर्थातच बसली नाही.

"तुम्ही जा दोघं," मी म्हटलं. "आम्ही इथे सावलीत थांबतो."

"रांग मोठी आहे हं," माक्सिम म्हणाला.

"मग काय, मी कुठे पळून जातेय?"

ते गेले. फोन त्याच्या खिशात होता. माझा फोन परदेशात चालत नव्हता. सतत बरोबरच असणार तर दोघांचे फोन चालू कशाला ठेवायचे, असं आम्ही घरून निघतानाच ठरवलं होतं.

आमच्या बाकाच्या मागे उभ्या गजांचा लोखंडी कठडा होता आणि कठड्यापलीकडे त्या रोलर कोस्टरची रांग वळत वळत गेलेली. रोमान बाकाखाली खेळत होती. तिकडे बोटाएवढे सरडे असतात, कुठेही दिसतात. तसल्याच एका सरड्याशी तिचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मी बाबागाडीला लटकवलेल्या पिशवीत पाण्याची बाटली शोधायला वाकले. वर बघते तर ती कठड्याशी ओणवी.

"आई," ती शांतपणे म्हणाली, "माझं डोकं तिकडे राहिलं."

मला आधी हसूच आलं. मी तिचे खांदे धरून हलकेच मागे ओढलं. डोकं कानांशी येऊन थांबलं. हनुवटी वाकवून पाहिली, मान तिरकी करून पाहिली. "दुखतंय," ती म्हणाली. मी परत प्रयत्न केला आणि या वेळी ती रडायला लागली. तिच्या रडण्यानं माझं हसू पार कुठल्या कुठे गेलं.

सगळ्यात वाईट काय होतं सांगू? तिचे पाय माझ्याकडे होते आणि तोंड परक्या माणसांकडे. मला दिसत होता फ्रॉकचा मागचा भाग आणि आपटणारे दोन छोटे बूट. तिचा चेहरा रांगेतल्या लोकांना दिसत होता, आणि तो कसा दिसतोय हे मी त्यांच्या तोंडांवरून ताडत होते. वळसा घालून तिकडे जावं तर इकडे तिला एकटी सोडावी लागणार. मी गजांतून हात घालून तिचा गाल चाचपला. ओला होता.

माणसं जमली. प्रत्येकाकडे सल्ला होता आणि प्रत्येक सल्ला इंग्रजीत होता. एका जाड्या बाईनं पलीकडून रोमानच्या कानांना उन्हात लावायचं क्रीम चोळलं. ते तिच्या डोळ्यांत गेलं आणि रडण्याचं किंचाळणं झालं. एकानं पॉपकॉर्नचा डबा पुढे करून त्यातल्या लोण्याकडे बोट दाखवलं. एक म्हातारा मला पुन्हा पुन्हा काहीतरी समजावत होता. हातानं आडवं काहीतरी दाखवायचा, मग मान हलवायचा. तो काय सांगत होता ते मला आजही माहीत नाही. आणि चारपाच जण फोन धरून उभे होते. ते काय करत होते ते मात्र बरोबर कळत होतं.

गवताची टोपी घातलेली एक मुलगी धावत आली. पार्कात कामाला होती. ती हसली. मी म्हटलं, "डोकं अडकलंय! डोकं!" फ्रेंचमध्येच ओरडले, दुसरं काय ओरडणार? ती आणखी हसली आणि खांद्यावरच्या बिनतारी फोनमध्ये काही बोलली. मग तिचा साहेब आला, तोही हसरा. तो गुडघ्यावर बसून मला सावकाश, मोठ्या आवाजात काही विचारू लागला, जणू मी बहिरी आहे. खूप वेळानं उमगलं की त्याला तिचं नाव हवंय.

"रोमान," मी म्हटलं.

"रोमन!" तो लोकांना म्हणाला. इंग्रजीत ते मुलाचं नाव. लगेच सगळी रांग माझ्या लेकीला "रोमन! रोमन!" म्हणून धीर द्यायला लागली. ही माझी मुलगी आहे, मुलगा नाही, तिचं नाव तसं नाही, एवढं साधं वाक्य मला जमेना. नावसुद्धा मी तिचं तिला राखून देऊ शकले नाही.

मग त्यांनी खार बोलावली.

त्यांचा हेतू चांगलाच होता, पोराचं मन रमावं म्हणून. ते केसाळ धूड उड्या मारत रांगेच्या बाजूनं आलं आणि थेट रोमानच्या तोंडासमोर बसलं. माझ्या बाजूला दोन्ही बूट एकदम ताठ झाले. अशी किंकाळी मी तिच्या जन्माच्या वेळीही ऐकली नव्हती. तिनं जिवाच्या आकांतानं मागे हिसडा दिला आणि कान गजांवर घासले. "घालवा त्याला! घालवा!" मी हातवारे करत होते. खारीला वाटलं मी हात हलवून दाखवतेय. तिनंही मला हात हलवून दाखवला.

त्याच वेळी डोक्यावरून घरघराट आला. मी वर पाहिलं. रोलर कोस्टरच्या दुसऱ्या डब्यात माक्सिम आणि एल्वा होते. दोघांचे हात वर आणि तोंडं उघडी. "माक्सिम!" मी बोंब मारली. त्याला आम्ही दिसलो असणार, कारण त्यानं एल्वाला कोपरानं ढोसून खाली दाखवलं, आणि दोघांनी आम्हाला आनंदानं टाटा केला. मग डबा वळला आणि उलटा होऊन निघून गेला.

मी जमिनीवर बसले आणि रोमानची पाठ थोपटत राहिले. "मी आहे गं, मी इथेच आहे," एवढंच. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. खारीला अखेर कोणीतरी मागे नेलं. रोमान दमून हुंदके देत होती.

मग एक माणूस खांद्यावर यंत्र घेऊन आला. त्याला पुढे लोखंडी जबडा होता. गज फाकवायचं यंत्र असणार, हे आता कळतं. तेव्हा मला फक्त तो जबडा दिसला आणि त्याच्यासमोर माझ्या लेकीची मान. मी तिच्या पाठीवर आडवी पडले.

"नाही! हात लावायचा नाही!"

तो जागच्या जागी थांबला. यंत्र खाली ठेवून त्यानं दोन्ही तळवे दाखवले. मग लांबच्या एका गजाला जबडा लावून कसं चालतं ते दाखवलं. शांत माणूस होता बिचारा. पण माझं अंग हलेना.

"अ‍ॅनिक! अगं, काय झालं?"

माक्सिम रांगेच्या बाजूनं धावत येत होता. मागे एल्वा, हातात निळ्या बर्फाचा गोळा. खेळातून बाहेर आल्याआल्या आधी गोळा घेतला होता त्यांनी. एल्वाला तिथेच सोडून माक्सिम कठड्यावरून इकडे उडी मारून आला. मला एवढं हायसं वाटलं की मी रडलेच.

"सांग त्यांना," मी म्हटलं. "ते यंत्र नको म्हणावं. दुसरं काहीतरी करा म्हणावं. आणि ही मुलगी आहे म्हणावं!"

तो साहेबाकडे गेला. साहेब भरभर बोलला. "येस," माक्सिम म्हणाला. साहेबानं यंत्राकडे बोट दाखवलं. "येस, येस." साहेबानं यंत्रवाल्याला खूण केली आणि तो यंत्र उचलून पुढे निघाला.

"माक्सिम! काय म्हणाला तो?"

"म्हणाला... की ते करतील."

"काय करतील?"

"तेच. जे करायचं ते."

मी त्याच्याकडे पाहिलं. उन्हानं आधीच लाल झालेला त्याचा चेहरा आणखी लाल होत गेला.

"तुला कळत नाहीये," मी म्हटलं.

"फार भरभर बोलतात गं इकडे," तो हळूच म्हणाला. "कारखान्यातले... ते यंत्राकडे बोट दाखवून बोलतात. मला यंत्रं कळतात."

तेव्हा चिडायला हवं होतं मी. पण चिडायलाही अंगात काही उरावं लागतं. तो माझ्या शेजारी बसला, त्यानं रोमानचा एक बूट हातात धरला, दुसरा मी धरला, आणि आम्ही दोघं जगातली सगळ्यात निरुपयोगी माणसं त्या जबड्याची वाट बघत राहिलो.

पलीकडे एल्वा बहिणीसमोर उकिडवा बसला होता.

"काय करतेयस?" त्यानं विचारलं.

"अडकलेय."

"मी तर उलटा झालो. दोनदा." त्यानं गोळा चोखला. "तुला हवाय?"

"हो."

"मग ये ना इकडे."

त्यानं हात पुढे केला नाही. गोळा वितळत होता आणि एल्वा तसा कंजूष आहे. रोमाननं एक खांदा वळवला, तो गजांतून गेला. मग दुसरा. मग पोट आत घेऊन तिनं कंबर तिरकी केली, आणि एखादा मासा हातातून निसटावा तशी ती पलीकडे गेली. डोकं गेलं तिथे बाकीची रोमानही सहज गेली. माझ्या हातात बूट राहिला.

रांगेतून केवढा गलका उठला! टाळ्या, शिट्ट्या, "रोमन! रोमन!" ती एका पायात मोजा, एका पायात बूट अशी उभी राहून निळा गोळा चोखत होती. यंत्रवाल्यानं यंत्र खाली ठेवलं आणि कपाळ पुसलं. माक्सिमनं उडी मारून तिला उचलून आणलं. मी तिचं डोकं, मान, कान, सगळं चाचपलं. कान लाल झाले होते, बाकी काही नाही.

साहेबानं आम्हाला चार पास दिले, त्या दिवसापुरते, कुठल्याही रांगेत न थांबता आत सोडणारे. मग त्यानं काही विचारलं, माक्सिम सवयीनं "येस" म्हणाला, आणि खार परत आली. फोटोसाठी. त्या फोटोत रोमानचं फक्त ढुंगण दिसतं आणि माझ्या हातात तिचा बूट आहे.

आम्ही निघणार तेवढ्यात स्वयंपाकघराचा एप्रन घातलेली एक बाई धापा टाकत आली. पार्काच्या पार दुसऱ्या टोकाहून तिला शोधून पाठवलं होतं. हैतीची होती, नाव इस्लांद.

"मॅडम," ती फ्रेंचमध्ये म्हणाली, "काय अडचण आहे? मला सांगा, मी त्यांना सांगते."

तिची फ्रेंच आमच्यासारखी नव्हती, गाण्यासारखी वर-खाली होणारी होती. पण प्रत्येक शब्द कळत होता. देवा, प्रत्येक शब्द!

"काही नाही," मी म्हटलं. "सुटली ती."

आणि बांध फुटल्यासारखी बोलत सुटले. सरडा, कान, क्रीम, तिचे पाय माझ्याकडे आणि तोंड तिकडे, खार, जबडा. इस्लांद माझ्याजवळ बाकावर बसली. मध्येच "मग?" म्हणायची, मध्येच "अगंबाई!" आता तिला साहेबाला काहीच सांगायचं उरलं नव्हतं, तरी ती उठली नाही.

"माझा धाकटा माझ्या आईकडे असतो, तिकडे गावाला," ती शेवटी म्हणाली. "परवा झाडावरून पडला. मला फोनवर नुसतं त्याचं रडणं ऐकू येत होतं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आई म्हणाली, ठेव फोन, इथे कामं पडलीयेत."

आम्ही दोघी हसलो, आणि तिला परत कामावर बोलावलं म्हणून ती गेली.

हातात चार पास होते. माक्सिम म्हणाला, "चला, आता कुठलीच रांग नाही! आधी कुठे जायचं?" त्यानं बाबागाडीत वाकून पाहिलं. रोमान झोपली होती, ओठ निळे. तिच्या पायांशी दाटीवाटीनं बसलेला एल्वाही झोपला होता.

"उठवू?" त्यानं विचारलं.

"हिंमत असेल तर उठव."

तो पोरांकडे बघत राहिला, मग पासांकडे. मग माझ्या शेजारी येऊन बसला. समोरून रोलर कोस्टर जात होता, येत होता, माणसं ओरडत होती. संध्याकाळी पार्क बंद होईस्तोवर पोरं काही उठली नाहीत.