कळ्या कुणी चोरल्या?

मी एक जुनी, झाडं छाटायची कात्री आहे. मित्रांनो, जवळ येण्याआधी तुमचे हात दाखवा पाहू. राग मानू नका, माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही.

लोहाराने मला घडवलं आणि एका शिंपीकाकांनी मला घरी आणलं. त्यांनी दुकान बंद केलं होतं, पण हात काही स्वस्थ बसेनात. ते अंगणातली झुडपं छाटू लागले. रोज मला पुसायचे, तेल द्यायचे आणि काकूंना म्हणायचे, "अशी धार आयुष्यात बघितली नाही." मी हुरळून जायचे.

अंगणात काकूंचं लाडकं झुडूप होतं. त्यांच्या आईच्या दारातली फांदी लावून वाढवलेलं. वसंतात ते पांढऱ्या फुलांनी भरून जायचं. काकांची नजर अधू झाली, मला पुसणंही राहून जाऊ लागलं आणि त्याच सुमाराला फुलं यायची थांबली. कळ्या धरायच्या आणि नाहीशा व्हायच्या.

आमचा संशय शेजारणीवर गेला. तिच्या खिडकीत बाराही महिने एक रिकामी फुलदाणी असायची. रिकामी का? चोरलेली फुलं आत लपवत असणार! काकूंनी तिच्याशी बोलणं टाकलं. मलाही ती बाई डोळ्यांसमोर नको असायची.

तिसऱ्या वर्षीही फुलं आली नाहीत. काकू म्हणाल्या, "उपटून टाका ते. रोज बघून जीव जळतो." काकांनी रोपवाटिकेतल्या बाईंना बोलावलं. त्यांनी कुदळ बाजूला ठेवली आणि छाटणी कधी करता, असं विचारलं.

"फुलायच्या जरा आधी," काका अभिमानाने म्हणाले. "गिऱ्हाइकाला कपडा देण्याआधी लोंबणारे दोरे कापतो ना, तसं."

बाईंनी मला उघडलं. माझ्या सांध्यात, वाळलेल्या चिकात बारीक कळ्या चिकटल्या होत्या.

"याला गेल्या वर्षीच्या काड्यांवर फुलं येतात," त्या म्हणाल्या. "फुलं गळली की लगेच छाटायचं. जुन्या, वाळक्या काड्या बुडातून काढायच्या. तुम्ही कळ्याच कापत होतात."

नजर चांगली होती तेव्हा काका कळ्या वाचवून छाटायचे; आता त्या त्यांना दिसतच नव्हत्या. मला तर तोंड लपवायला जागा नव्हती. चोर मीच होते, आणि चोरीचा माल माझ्याच तोंडात होता.

पुढच्या वसंतापर्यंत मी खुंटीवरच राहिले. झुडूप पांढरंशुभ्र झालं. काकूंनी माझ्याकडून सर्वात भरलेली फांदी कापून घेतली आणि कुंपणापाशी जाऊन शेजारणीला हाक मारली. "चुकलं माझं," एवढंच त्यांना बोलता आलं.

शेजारणीने फांदी घेतली. "फुलदाणी मुद्दाम खिडकीत ठेवत होते," ती म्हणाली. "रिकामी आहे, हे तुम्हाला दिसावं आणि एखादी फांदी मिळावी म्हणून."

मित्रांनो, कात्री वापरून झाली की उघडा, नीट पुसा, तेलाचा थेंब द्या. आणि पुसताना तिच्या सांध्यात काय अडकलंय, ते शेजारच्या खिडकीकडे बघण्याआधी बघा. आमच्या घरी ते तीन वर्षं कुणी बघितलं नाही.