चिमणीचा पत्ता

मामा कधी काही लिहून ठेवायचा नाही. कुठल्या मशीनचा पासवर्ड काय, कुठली वायर कुठं जाते, सगळं त्याच्या डोक्यात. "लिहून ठेवलं की माणसाची गरज संपते, चिमणे," असं म्हणून हसायचा. मीही हसायचे. तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटर सांभाळायचं हे काम मला त्यानंच शिकवलं, रक्त तपासायच्या या लॅबमध्ये तीन वर्षांपूर्वी हाताखाली त्यानंच घेतलं. चार महिन्यांपूर्वी त्यानं स्वतःची कंपनी काढली आणि त्याच्या खुर्चीवर मी बसले.

सोमवारी सकाळी लॅब उघडली आणि एकही जुना रिपोर्ट दिसेना. रविवारी मी सर्व्हरवर अपडेट टाकले होते. नऊ वर्षांच्या तपासण्या ज्यात साठवल्या होत्या तो डेटाबेस सुरूच होत नव्हता. त्याची नेहमीची जागा उघडून पाहिली, तर आत चिटपाखरू नाही. बॅकअप पाहिला. तो मामानंच लावून दिलेला, आणि रोज रात्री इमानेइतबारे त्याच रिकाम्या फोल्डरची कॉपी काढत होता. चार महिन्यांत मी तो एकदाही उघडून पाहिला नव्हता, हे माझं पाप. मामानं लावलंय म्हटल्यावर तपासायचं काय?

त्यालाच फोन लावला.

"मामा, डेटाची जागा तू कधी बदलली होतीस का?"

"छे गं. इन्स्टॉल करताना मिळते तीच जागा. तिथंच आहे."

"तिथं काहीच नाहीये."

"मग तुझ्या हातून उडालं असणार. आता कशालाही हात लावू नकोस. मी बोलतो बाईंशी."

माझ्या बाजूनं दोन शब्द टाकणार, असं मला वाटलं. शप्पथ, वाटलं. दहा मिनिटांनी लॅबच्या मालकीण, डॉक्टरीणबाई, सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभ्या.

"तुझ्या मामांचा फोन आला होता. म्हणाले, पोरीनं चुकून पुसलंय, पण मी परत आणून देईन. बारा वाजता येतायत. पुढची सगळी देखभाल त्यांच्या कंपनीकडे द्या म्हणतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तसं झालं तर तुला ठेवता येणार नाही गं मला."

बाहेर काउंटरवर माणसं पावत्या हातात घेऊन ताटकळत होती. रडायला वेळ नव्हता. नऊ वर्षांचा डेटा खरंच उडाला असेल तर डिस्कवर मोकळी जागा दिसायला हवी, म्हणून ती पाहिली. मशीनमध्ये दोन डिस्क. पहिली बरीचशी रिकामी. दुसरीला मामा "भंगार, जुने फोटो, हात लावू नकोस" म्हणायचा. ती पाऊण भरलेली होती, आणि तिच्यातली शेवटची फाइल शनिवारी संध्याकाळी बदललेली. भंगारात शनिवारी संध्याकाळी कोण काय लिहितं?

आत एकच फोल्डर होता. नाव 'चिमणी'. तारीख मी कामाला लागले त्या आठवड्याची.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. पहिली डिस्क अपुरी पडली म्हणून त्यानं सगळं इकडं हलवलं होतं. जागा बदलल्याची नोंद होती फक्त एका बारक्या सेटिंग फाइलमध्ये, आणि माझ्या अपडेटनं ती फाइल धुऊन टाकली होती. नवी जागा सांगितली तरी सर्व्हर आत शिरेना, कारण फोल्डरची मालकी अपडेटच्या आधीच्या जुन्या खात्याच्या नावावर. ती बदलली, पुन्हा सुरू केला. अकरा बावन्नला शनिवारचा शेवटचा रिपोर्ट समोर आला, हिमोग्लोबिन साडेनऊ.

धावत जाऊन बाईंना सांगायला हवं होतं. नाही गेले. स्क्रीन कोरी केली आणि बसून राहिले. मामा विसरला असेल, तीन वर्षं झाली, असं स्वतःला समजावत होते. विसरलेला माणूस आधी नेहमीच्या जागी पाहील. देवा, त्याला आधी तिथं पाहू दे.

बरोबर बाराला तो बाईंच्या मागोमाग आला. माझ्या डोक्यावर टपली मारली. "घाबरू नकोस, चिमणे. मी आहे ना." खुर्चीत बसला, बोटं मोडली. आणि जुन्या जागेकडे ढुंकूनही न पाहता त्यानं सरळ टाइप केलं: दुसरी डिस्क, चिमणी, सुरू कर.

स्क्रीनवर उत्तर आलं की या जागेवरून सर्व्हर आधीच सुरू आहे.

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे सगळे रिपोर्ट सुखरूप आहेत, बाई. आठ मिनिटं झाली." मग मी त्याच्याकडे वळले. "जागा बदललीच नव्हती ना, मामा? मग हा पत्ता तुला कुणी सांगितला?"

त्याची बोटं तशीच कीबोर्डवर राहिली. "नाही, ते आत्ता येता येता आठवलं..."

"मला तर तुम्ही हिनं पुसलं म्हणून सांगितलंत," बाई म्हणाल्या. त्याच्या उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. "मी काउंटर सुरू करते. नंतर केबिनमध्ये ये गं. तू एकटी."

त्या गेल्यावर मामानं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चुकलो म्हणेल, असं मला अजूनही वाटत होतं.

"ताईला सांगू नकोस," तो म्हणाला.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर कापलेला गळा मीच झाकून ठेवायचा. तो बॅग उचलून गेला.

मग मी एक कोरा कागद घेतला आणि जाड पेननं डेटाचा पूर्ण पत्ता लिहायला लागले. कपाटाच्या दारावर लावायचा होता, कुणालाही वाचता येईल असा. शेवटच्या शब्दापाशी हात अडला. फोल्डरचं नाव बदलायचं तर सर्व्हर बंद करावा लागतो, आणि बाहेर रांग होती. म्हणून तेच लिहिलं. चिमणी.