घसा जपून

डॉ. धम्मप्रिया बॅटरीच्या उजेडात घसा बघत होत्या, तोच राजाबाईनं तोंड मिटलं आणि त्यांचं मनगट धरलं.

"नळी घालणार न्हवं? मंग आदी माजं ऐका."

सांगोल्याकडची ही मेंढपाळ बाई पित्ताशयातले खडे काढायला सोलापूरला आली होती. भूल देणं धम्मप्रियांचं काम. पोटाची राजाबाईला फिकीर नव्हती. जीव अडकला होता घशात. मागच्या ऑपरेशननंतर तो असा बसला, की आठवडाभर शब्द फुटेना. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

"चार दिवसांत सुटतो की घसा, मावशी."

"मालकांस्नी दिसत न्हाय, बाई. काचबिंदूनं दोनी डोळं गेलं. मेंढरांमागं माज्या आवाजावर चालत्यात. मागच्या टायमाला म्या गप, तर दोनदा पडलं."

धम्मप्रियांनी बॅटरी खिशात ठेवली. जरा वेळानं ज्येष्ठमधाचं पाणी आलं.

"गुळण्या करा. गिळायचं मात्र नाही."

"गोड हाय की! सकाळधरनं उपाशी ठिवायचं, आन् गोड दावून थुकाया लावायचं व्हय?" राजाबाई म्हणाली, पण गुळण्या मन लावून केल्या.

आत धम्मप्रियांनी नेहमीपेक्षा बारीक नळी निवडली. नळी घशात धरून ठेवणाऱ्या फुग्यात हवा मोजून भरली, मध्येच पुन्हा तपासली. काढतानाही घाई केली नाही.

बाहेर राजाबाईचा नवरा भिमा भिंतीला टेकून उभा होता.

"ऑपरेशन छान झालं, काका."

"बोलली का ती?"

"अजून नाही."

मागून स्ट्रेचर आलं. चाकांचा आवाज ऐकून भिमा काठी टेकत निघाला. राजाबाईचे डोळे मिटलेलेच होते, अंगावरची भूल पुरती उतरली नव्हती. ओठ तेवढे हलले, आणि आवाज आला, जरासा जड, पण स्वच्छ.

"सावकाश... म्होरं चर हाय. वलांडा."

समोर सपाट फरशी होती. भिमानं धोतर सावरलं, पाय उंच उचलला आणि चर ओलांडून तिच्यापाशी आला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"बाई, लई उपकार झालं," म्हणत त्यानं हात जोडले, ते रिकाम्या भिंतीकडं.

धम्मप्रिया पाय न वाजवता तिथं जाऊन उभ्या राहिल्या.