श्रावणातला ट्राउट

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मला पडद्याचा दांडा म्हणू नका. गिरगावातल्या आमच्या घरी आलेले पाहुणे तसं म्हणतात आणि माझं टाळकं सरकतं. मी मासे धरायची काठी आहे, जुनी आणि अस्सल! बांबूच्या बारीक पट्ट्या तासून, सरसाने एकमेकींना चिकटवून मला घडवलंय. माझे तुकडे पितळी टोपणांनी जोडले की मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचते.

माझे पहिले मालक अण्णा कचेरीत कारकून होते. नोकरी सोडून चाललेल्या एका साहेबाने मला त्यांच्या हाती दिलं आणि सांगितलं, "ही डोंगरातल्या तळ्यांसाठी आहे. तिथे ट्राउट नावाचा ठिपकेदार मासा असतो." पण अण्णांना एवढी रजा कोण देतोय! ते मला वाळकेश्वरच्या खडकांवर न्यायचे. तिथे मी शिंगाळे मासे धरले, चांगले जाडजूड. घरी आल्यावर अण्णा मला गोड्या पाण्याने धुऊन तेलाचा हात फिरवायचे आणि त्या तळ्यांच्या गोष्टी लेकाला, गुरुदत्तला सांगायचे.

अण्णा गेले. गुरुदत्तही नोकरीतून निवृत्त झाले. पण दर मे महिन्यात ते मला माळ्यावरून काढत, पलंगावर काश्मीरचा नकाशा पसरत आणि कोलंबी सोलत बसलेल्या बायकोला सांगत, "नलू, काय तळं आहे बघ! निळंशार पाणी, कडेला बर्फ."

"असू दे. स्वेटर कुठला नेणार ते बोला."

इथवर सगळं छान चालायचं. मग घोडं अडायचं. बर्फ वितळून वरची वाट नीट मोकळी होते, तोवर आपल्याकडे श्रावण लागायला येतो.

"श्रावणात मासे? अहो, काय बोलताय!" नलूताई म्हणायच्या.

"मग श्रावण संपल्यावर जाऊ."

"आणि घरचा गणपती कोण आणणार?"

गणपतीमागून पितृपक्ष, पितृपक्षामागून थंडी. नकाशाची घडी व्हायची आणि मी पुन्हा माळ्यावर. तिथल्या उकाड्याने माझा सरस सुटू लागला होता. फार वाईट वाटायचं हो.

यंदा डॉक्टरांनी गुरुदत्तांच्या गुडघ्यांचे फोटो पाहिले आणि स्पष्टच सांगितलं, हिवाळ्यात ऑपरेशन करायचं, डोंगर चढायचा असेल तर त्याआधी चढून घ्या. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. या मे महिन्यात नकाशा निघालाच नाही. गुरुदत्तांनी मला पुसलं आणि लेकीला म्हणाले, "मधुरा, ही तुझ्या वडाळ्याच्या घरी भिंतीवर लाव. शोभा येईल."

शोभा! मासे धरणाऱ्या काठीला!

मधुराने त्यांच्यापुढे मोबाइलवरचा एक व्हिडिओ धरला. एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने गळाला लागलेला ट्राउट हातात घेतला, डोळे भरून पाहिला आणि परत पाण्यात सोडला.

"सोडला?" गुरुदत्त ओरडले. "मासा आजारी होता की काय?"

"नाही हो बाबा! धरायचा, बघायचा, सोडायचा. पुष्कळ जण असंच करतात."

खरं सांगते, आमच्या घरात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे मासा म्हणजे ताटातला!

नलूताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मग श्रावण आडवा आला कुठे?"

गुरुदत्त मला पुन्हा पुसू लागले. मग म्हणाले, "बघू. पुढल्या वर्षी..."

"घाबरलात ना?"

"अगं, लहानपणापासून मनात आहे. तिथवर जाऊन काहीच लागलं नाही तर?"

"तर तळं बघून येऊ. गुडघे काय पुढल्या वर्षी तरुण होणार आहेत? मधुरा, तिकिटं काढ."

माझे सांधे एका सुताराकडून पक्के करून घेतले आणि श्रावण लागल्यावर आम्ही निघालो. वरच्या तळ्यापर्यंत दोघं घोड्यावरून गेली. सोमवार होता. नलूताई दगडावर बसून उपवासाचा चिवडा खात होत्या. सकाळ गेली, दुपार कलली, तरी काही लागेना. गुरुदत्तांचा चेहरा उतरत चालला होता. आणि अचानक माझं टोक वाकलं! जोडावर कळ आली, पण मी सोडते होय!

ट्राउट ओंजळीत आला, ओलाचिंब, लाल-काळ्या ठिपक्यांचा. नलूताई वाकून बघत म्हणाल्या, "काय सुरेख आहे हो! याचं कालवण..." आणि स्वतःच हसत सुटल्या.

गुरुदत्तांनी ओंजळ पाण्यात नेली, पण त्यांची बोटं काही उघडेनात. नलूताईंनी त्या बर्फगार पाण्यात हात घातला आणि त्यांच्या हाताखाली धरला.

"सोडा आता," त्या हळूच म्हणाल्या.

मासा गेला. गुरुदत्त लहान मुलासारखे रडले, आणि कुणी बघतंय याची त्यांना मुळीच लाज वाटली नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना धुवा, पुसा, तेल लावा, पण नुसतं जपून ठेवू नका. ज्या कामासाठी आम्हाला घडवलं ते आमच्याकडून करून घ्या. आणि तुमच्या घरात कुणी "बघू पुढल्या वर्षी" असं म्हणत असेल, तर त्याचं तिकीट याच वर्षी काढा.