आत्याबाई जिना चढतात

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकांची मापं घ्यायची, वाकड्या दांड्या सरळ करायच्या, आणि गिऱ्हाईक आरशात बघत असलं की "शोभतोय हो तुम्हाला" म्हणायचं, हे तिचं काम. दिवसभर माणसांचे चेहरे इतक्या जवळून पाहिल्यावर चित्रं काढायची खोड लागली नसती तरच नवल. तिची थोरली जाऊ औषधांच्या कंपनीत होती. गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून जो कागद असतो, तो ती लिहायची. "लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे" हे वाक्य तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की घरातली साखरसुद्धा ती तशाच ठिकाणी ठेवायची.

एकीला काढता येतं, दुसरीला लिहिता येतं, आणि दोघी एकाच छपराखाली. तेव्हा दोघींनी मिळून कॉमिक काढायचं ठरवलं, त्यात वावगं काहीच नव्हतं. गावात अशा हौशी लोकांचा एक गोतावळा होता. स्वतः लिहायचं, स्वतः काढायचं, झेरॉक्सच्या दुकानात छापून आणायचं आणि घरी बसून पिना मारायच्या. अशा पुस्तिकेला ते 'झीन' म्हणायचे. वर्षातून एकदा बंद पडलेल्या छापखान्याच्या गोदामात या सगळ्यांची जत्रा भरायची. जावांनी तिथे टेबल घेतलं. प्रकाशनाचं नाव काय, असं विचारल्यावर धाकटीने गमतीने "दोन जावा" सांगितलं, आणि ते पोस्टरवर तसंच छापून आलं.

कॉमिक होतं गुप्तहेर आत्याबाईंचं. इमारतीत कोणाची काहीही वस्तू हरवली की आत्याबाई शोधून काढायच्या. पहिली चार पानं झकास झाली. पाचव्या पानावर माशी शिंकली.

धाकटीने ते पान जीव ओतून काढलं होतं, चौकटींतली अक्षरंही तिनेच घातली होती. वाळावं म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि ती दुकानात गेली. थोरलीची नजर त्यावर पडली. तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं. आता हाताला लागलेली सवय ती, थोरलीने लाल पेन घेतलं आणि शाईने काढलेल्या मूळ चित्रावर तिन्ही चुका गोल करून, बाजूला शुद्ध रूपं लिहून ठेवली. आत्याबाईंच्या कपाळावरसुद्धा एक गोल आला.

संध्याकाळी धाकटीने ते पाहिलं.

"ताई, हे काय केलंत तुम्ही?"

"अगं, चुका होत्या."

"मग मला सांगायचं होतं. ही काय तुमची औषधाची चिठ्ठी आहे?"

"औषधाच्या चिठ्ठीत चूक झाली तर माणूस मरतो."

"इथे आत्याबाई मेल्या, त्याचं काय?"

शब्दाने शब्द वाढत गेला. धाकटी म्हणाली, तुम्हाला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. थोरली म्हणाली, तुला वेलांटी कुठे द्यायची ते कळत नाही. दोघींच्या नवऱ्यांना एकदमच आठवलं की कचऱ्याचा डबा खाली न्यायचा राहिलाय, आणि एक डबा न्यायला दोघेही गेले. त्या दिवसापासून जावांचा अबोला सुरू झाला.

पण टेबल सोडायला कोणीच तयार नव्हतं. पोस्टरवर नाव होतं 'दोन जावा'. एकच जाऊ गेली असती तर शोभलं असतं का? शिवाय दोघींनीही आपापल्या कामाच्या ठिकाणी ढोल पिटून ठेवला होता. त्यामुळे कॉमिक चालू राहिलं. थोरली गोष्ट लिहून कागद फ्रीजवर चिकटवायची. धाकटी तो काढून न्यायची, चित्रं काढायची, ओळींच्या चौकटी कोऱ्या ठेवायची आणि पान परत फ्रीजवर लावायची. मग थोरली चौकटी भरायची.

थोरलीने लिहिलं, "आत्याबाई विजेच्या वेगाने जिना चढल्या." धाकटीने काढलं ते असं: आत्याबाई तिसऱ्याच पायरीवर बसलेल्या, चपला हातात, तोंडाला फेस. आणि चेहरा? डावी भुवई वर, ओठांचा चंबू. हुबेहूब थोरली.

थोरलीने पान पाहिलं. चौकटीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, "चित्रात दिसणाऱ्या महिलेचा या प्रकरणाशी संबंध नाही. आत्याबाई केव्हाच वर पोहोचल्या आहेत."

धाकटीने पुढच्या पानावर ती चौकटच दोन हमाल उचलून नेताना दाखवले. थोरलीने हमालांच्या तोंडी घातलं, "चित्रं वजनाला हलकी असतात. शब्दच जड." हे असं शेवटच्या पानापर्यंत चाललं. एकमेकींची पानं दोघी ज्या घाईने फ्रीजवरून ओढायच्या, तेवढ्या घाईने त्यांनी कधी पगाराचं पाकीटही उघडलं नसेल. पण चेहऱ्यावर मात्र सुतकी कळा.

जत्रेच्या दिवशी टेबलाच्या एका टोकाला थोरली, दुसऱ्या टोकाला धाकटी, आणि मध्ये सासूबाई. सासूबाई निरोप पोहोचवायला आल्या होत्या. दोघींमध्ये हाताच्या अंतराचं टेबल, पण सुट्टे पैसे मागायचे तरी धाकटी म्हणायची, "आई, त्यांना विचारा सुट्टे आहेत का."

शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला होता. त्याचं कॉमिक काडेपेटीएवढं, आणि सोबत भिंग फुकट. पलीकडे एक मुलगी फक्त शेवाळावर झीन काढायची. तिचा हा सातवा अंक होता आणि शेवाळाची गोष्ट अजून रंगात आली नव्हती. लोक एकमेकांशी पुस्तिकांची अदलाबदल करत होते, कोणता छापखाना बरा, कोण नव्या चित्रकारांना संधी देतं, कुठे राहायला जागा देऊन काम करू देतात, याच्या खबरी देत होते. या दोघींच्या टेबलाकडे मात्र कोणी फिरकेना.

सासूबाईंना बसून बसून कंटाळा आला. समोरून जाणाऱ्या एका जोडप्याला त्यांनी हाक मारली. "घ्या हो एक. या माझ्या दोन सुना. बोलत नाहीत एकमेकींशी. सगळं भांडण यात आहे."

दोघी सुनांनी एकाच वेळी "आई" म्हटलं. पण जोडप्याने पुस्तिका उघडली होती. नवरा जिन्याच्या पानावर फसकन हसला. बायकोने ती ओढून घेतली आणि ती हमालांवर हसली. मग तिथे गर्दी जमली. सासूबाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायच्या, आणि दर खेपेला लाल गोलांची संख्या वाढायची. दुपारपर्यंत आत्याबाईंच्या अंगभर गोल होते आणि टेबलावर एकही प्रत नव्हती.

शेवटची प्रत घेतली ती एका छोट्या प्रकाशनाच्या संपादिकाबाईंनी. त्यांच्या चष्म्याची दांडी लोंबत होती. त्या वाचत असताना धाकटीला राहवेना. तिने चष्मा मागून घेतला, पर्समधल्या पेचकसाने स्क्रू पिळला आणि परत दिला. बाईंनी पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं.

"मला याचं पुस्तक करायचंय," त्या म्हणाल्या. "मोठं. असंच हवं, अगदी असंच. कराल का?"

आता उत्तर द्यायचं तर आधी आपसात बोलायला हवं. सासूबाई नेमक्या चहा प्यायला गेल्या होत्या. धाकटीने टेबलाकडे बघत विचारलं, "ताई, करायचं का?"

"तुझ्या दुकानात सुट्टी देतील?" थोरलीने टेबलालाच विचारलं.

"देतील."

"मग करू."

घरी जाताना दोघी बसच्या एकाच बाकावर बसल्या. थोरली म्हणाली, "पेनाने नको होतं करायला. पेन्सिलीने करायला हवं होतं." धाकटी म्हणाली, "तुमच्या भुवया मी जरा जास्तच वर नेल्या." एवढ्यावर प्रकरण मिटलं. सासूबाई पुढच्या बाकावरून कान देऊन होत्या. त्यांचा चेहरा थोडा पडला.

आणि पुस्तक बसलं. म्हणजे खालीच बसलं. थोरलीने लिहिलं, "आत्याबाई खिडकीतून डोकावल्या." धाकटीने खिडकीतून डोकावणाऱ्या आत्याबाई काढल्या, देखण्या, भुवया जागच्या जागी. "ताई, ठीक आहे ना?" "छानच आहे. माझं वाक्य लांब झालं का?" "छे, छोटं कशाला करता?" दूध आणि साखर. बाईंना पहिली वीस पानं पाठवली. त्यांचं उत्तर आलं: पानं नीटनेटकी आहेत, दोनदा वाचायला घेतली, दोन्ही वेळा डुलकी लागली.

मग दोघींनी ठरवून भांडायचं ठरवलं. चहा घेऊन समोरासमोर बसल्या.

"तुमचं लिखाण रटाळ आहे," धाकटी म्हणाली.

"तुझी चित्रं..." थोरली अडखळली. "हात बरे काढतेस गं तू. मला सुचत नाहीये."

सासूबाईंनी मदत करायचं मनावर घेतलं. त्यांनी धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं की थोरली म्हणते, चष्मेवाल्यांना लांबचं दिसत नाही. थोरलीला सांगितलं, धाकटी म्हणते तुझ्या गोष्टीने माणूस झोपतो, गोळी लागत नाही. पण आता दोघी बोलत होत्या. पाच मिनिटांत ताळा जुळला, आणि दोघी हातात हात घालून जाब विचारायला आल्या. "चांगलं करायला जावं तर हे असं," म्हणत सासूबाई रुसून बसल्या. घरात नवा अबोला सुरू झाला, पण त्याचा पुस्तकाला काडीचा उपयोग नव्हता.

उपाय धाकटीला दुकानात सापडला. एक आजोबा नवा चष्मा लावून बघत होते आणि बायकोला सारखं विचारत होते, बरा दिसतो का, बरा दिसतो का. बायको म्हणाली, "मला काय विचारता? नाक तुमचं आहे." धाकटी दांडी हातात धरून तशीच उभी राहिली. आजवर तिला वाटत होतं, ती चार महिने रागाने चित्रं काढत होती. राग तर पहिल्या आठवड्यातच निवला होता. उरला होता तो मोकळेपणा. तेव्हा कोणी कोणाला विचारत नव्हतं.

घरी येऊन तिने थोरलीला सांगितलं, "ताई, आपण बोलायचं. हवं तेवढं बोलायचं. फक्त पुस्तकाबद्दल अवाक्षर नाही. पान फ्रीजवर लावायचं आणि निघून जायचं."

"आणि मला चूक दिसली तर?"

"तर तुमचं तुम्ही बघा. माझं मी बघेन."

थोरलीने थोडा विचार केला. "लाल पेन वापरलेलं चालेल?"

"विचारायचं नाही असं ठरलंय ना आपलं?"

दुसऱ्या दिवशी तिने जुनं विसावं पान फाडून नवं लावलं. आत्याबाई खिडकीतून डोकावताना अडकलेल्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर, आणि बाहेरच्या अर्ध्याखाली इमारतभर लोक जमलेले. संध्याकाळी पान परत फ्रीजवर होतं. चौकटीत लाल अक्षरं होती: "वरील प्रसंग चित्रकाराने नवा स्कर्ट घालून बघताना अनुभवलेला आहे. आत्याबाईंनी केवळ माणुसकी म्हणून तो आपल्या अंगावर घेतला."

धाकटीचे कान तापले. स्कर्टमध्ये अडकल्याची गोष्ट तिने विश्वासाने सांगितली होती. ती पान घेऊन तरातरा स्वयंपाकघरात गेली. थोरली पाठमोरी उभी राहून कांदा चिरत होती. तिचे खांदे किंचित हलत होते. कांद्यामुळे की आणखी कशामुळे, ते कळायला मार्ग नव्हता.

"पाहिलंस पान?" थोरलीने न वळता विचारलं.

धाकटीने पान पाठीमागे लपवलं. "त्यावर बोलायचं नाही," ती म्हणाली. "कांदा जाड चिरताय तुम्ही."

"बरं."

आणि धाकटी लगबगीने आपल्या टेबलाशी जाऊन बसली. थोरलीची भुवई नेमकी किती वर न्यायची, ते तिला आता पक्कं ठाऊक होतं.