बन्सीभाऊंची मूठ

डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यात भात होता, पोळी होती, इडलीसुद्धा होती. हुरडा नव्हता, आणि रविवारी आम्हाला शेतावर हुरडा खायला जायचं होतं. म्हणून राजनंदिनी शनिवारी औरंगपुऱ्यातून पावशेर हुरडा घेऊन माझ्या स्वयंपाकघरात हजर झाली. पंधरा वर्षांची पोर, चार वर्षांपासून इन्सुलिन घेते. तिच्यासारख्या सात-आठ मुलांना मी दर रविवारी जेवणाचं गणित शिकवतो. आम्ही तिची एक मूठ काट्यावर ठेवली, वजन वहीत लिहिलं, चार मुठींना किती इन्सुलिन लागेल ते काढलं.

"सर, उद्या चुकले ना, तर मम्मी शाळेच्या दौलताबाद सहलीला बसमध्ये माझ्या शेजारी बसणार आहे. डबा मांडीवर घेऊन!"

आई रूपाताईंनी अट घातली होती. हुरड्याच्या दिवशी त्या गप्प राहतील. साखर काबूत राहिली, तर पोरगी सहलीला एकटी.

रविवारी लासूर स्टेशनजवळ बन्सीभाऊंच्या शेतात आम्ही गोल बसलो. राजनंदिनीनं चार मुठींचं इन्सुलिन टोचून घेतलं. बन्सीभाऊंनी भाजलेलं कणीस हातावर चोळलं, फुंकर मारली आणि तिच्यापुढं पहिली मूठ ओतली. ढीगच!

हुरडा चोळणाऱ्याच्या मुठीनं वाढतात, हे मी साफ विसरलो होतो. रूपाताईंनी पदर तोंडात धरला.

राजनंदिनी ढिगाकडं बघत राहिली. मग तिनं तो आपल्या मुठीनं मोजला. एक. दोन. संपला.

तिनं दोन ढीग खाल्ले आणि ताटलीवर हात आडवा धरला. "बास, काका."

"दोन मुठीत बास? पोरगी हायस का चिमणी? लई कवळा हाय, खा!"

"तुमच्या दोन म्हणजे माझ्या चार झाल्या. इंजेक्शन तेवढंच घेतलंय."

"मंग आणिक एक टोच की!"

"तुमच्या हाताला नाही पुरणार, काका. बाटली संपेल!"

बन्सीभाऊ आपला पंजा उलटसुलट करून बघत बसले. "ह्यो पंजा आजवर कुणी मोजला नव्हता," म्हणाले, आणि गुळाचा खडा पुढं केला. तिनं तो मला दिला. मी खाल्ला.

दोन तासांनी तिनं बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला, एकशे बेचाळीस. काबूत.

रूपाताईंनी माझ्याकडं बघितलं. "आता बोलू का, सर?"

"बोला की."

"नंदे, सहलीच्या कागदावर सही कुठं करायची?"