स्क्रीनवरचा दादा

संध्याकाळी आमच्या घरात मी असते आणि फ्रीजचा आवाज असतो. आई नर्स आहे, बाबा बस चालवतात, आणि दोघांच्या ड्यूट्या लावणाऱ्यांनी जणू ठरवूनच टाकलंय की या दोघांनी एका वेळी घरी असता कामा नये. दादा दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला. तिथे तो एका कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळतो. रजा मिळत नाही म्हणतो. मला विचाराल तर तो मागतच नाही. मागायला त्याला संकोच वाटतो.

पण रोज संध्याकाळी तो यायचा. माझ्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम होता, त्यातून तो तिकडे बसून माझा कॉम्प्युटर चालवू शकायचा. माऊसला माझा हात नसताना स्क्रीनवरचा बाण हलायला लागला की समजायचं, दादा आला. क्लिक करण्याआधी तो बाण गोल गोल फिरवतो. बोलणं फारसं नसायचंच, तो स्क्रीनवर दोन शब्द टाइप करायचा. 'इथे बघ.' 'हे उघडं का ठेवलंस?' 'माकडे, डोकं वापर.' एवढ्यावर माझी संध्याकाळ निघायची.

तो मला शाळांच्या सायबर सुरक्षा स्पर्धेसाठी तयार करत होता. या स्पर्धेत एक मुद्दाम बिघडवलेला कॉम्प्युटर देतात. खराखुरा नाही, आपल्याच लॅपटॉपवर एका चौकटीत उघडणारा. त्यात चोरवाटा सोडलेल्या असतात, त्या शोधून बंद करायच्या. वाट बंद झाली की घंटा वाजते आणि गुण मिळतात. भलतंच काही बंद केलं तर कर्कश आवाज येतो आणि गुण जातात. संघात आम्ही तिघं होतो. मी कॅप्टन, दुसरा चष्मिश, तिसरी घाई. प्रश्न पुरता वाचायच्या आत ती उत्तर देऊन मोकळी होते. दादा आमचा सल्लागार. सल्लागाराने काय शिकवायचं ते आधी शिकवायचं. स्पर्धेचं घड्याळ सुरू झालं की त्याने खोलीत यायचं नाही, फोन करायचा नाही आणि कीबोर्डला बोटही लावायचं नाही. तशी त्याची सही घेतलेली होती.

अंतिम फेरी दादाच्या शहरात होती. तीन दिवस. चष्मिश आणि घाई चषकाच्या गप्पा मारायचे आणि मी मान डोलवायचे. चषक गेला खड्ड्यात. मला दादाला बघायचं होतं. बाण नाही, अख्खा दादा.

पहिल्या फेरीच्या दिवशी आम्ही शाळेच्या वाचनालयात माझाच लॅपटॉप घेऊन बसलो, कारण शाळेचे कॉम्प्युटर सुरू व्हायलाच अर्धी स्पर्धा लागली असती. पर्यवेक्षक म्हणून ग्रंथपाल बाई दारात खुर्ची टाकून बसल्या. त्यांनी नियम मोठ्याने वाचून दाखवले आणि प्रत्येक नियमानंतर चष्म्यावरून आमच्याकडे असं पाहिलं की, न केलेल्या गुन्ह्याचीही कबुली द्यावीशी वाटावी.

दादाचा पहिला धडा होता, बाहेरच्याला आत घेणारे प्रोग्रॅम आधी उपटून टाका. तसला एक आम्हाला लगेच सापडला. काढला, घंटा वाजली, टाळ्या दिल्या. आणि तसलाच एक प्रोग्रॅम त्या चौकटीच्या बाहेर, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर आरामात चालू होता. दीड वर्षात मी तो एकदाही बंद केला नव्हता. कशाला करेन? दुसऱ्याच्या घराला कुलूप लावताना आपलं दार सताड उघडं आहे, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गुण भराभर वाढले आणि मग अडले. एक वाट आम्ही बंद करायचो, ती थोड्या वेळाने आपोआप उघडायची. म्हणजे कुठेतरी वेळ लावून ठेवलेली एखादी आज्ञा होती, आमच्या पाठीमागे गुपचूप चालणारी. घाई वैतागली. चष्मिशने नखं खाऊन संपवली. 'एक मिनिट, डोकं थंड करू,' असं म्हणून मी पाण्याची बाटली उघडली.

माझे दोन्ही हात बाटलीवर होते आणि बाण हलला.

गोल गोल फिरला. वेळ लावलेल्या आज्ञांची यादी उघडली, बाण खाली सरकला, एका ओळीवर थांबला. ती ओळ गेली. घंटा वाजली. मग बाण स्क्रीनच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, रोज निघताना राहतो तसा.

'कसली भारी आहेस तू!' चष्मिशने माझ्या पाठीत धपाटा घातला. त्याला वाटलं मीच केलं. गुणांच्या यादीत आम्ही अंतिम फेरीत नेणाऱ्या रेषेच्या वर चढलो होतो.

आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू? दादा आला, एवढंच मनात आलं. आणि त्याच्या मागोमाग इतका राग आला की कान गरम झाले. ती यादी मलाही माहीत होती. पाणी पिऊन मी तिथेच जाणार होते. मला ती ओळ सापडली असती, कदाचित. ते 'कदाचित' त्याने माझ्याकडून काढून घेतलं. आता मला ते कधीच कळणार नव्हतं.

मी उठून बाईंकडे गेले. चष्मिश आणि घाईला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला अडवलं असतं, आणि मी अडले असते.

'बाई, आमच्या सल्लागाराने आत येऊन मदत केली.'

बाईंनी खोलीभर पाहिलं. 'आत? अगं, मी दारातच बसलेय.'

'दारातून नाही. माझ्या लॅपटॉपमधून. तो माझा भाऊ आहे.'

'तू बोलावलंस?'

'नाही.'

'मग तुझी काय चूक?'

'दार माझं होतं,' मी म्हटलं.

बाईंनी आयोजकांना फोन लावला. आयोजक सभ्यपणे बोलले, ते जास्त लागलं. आमचा संघ बाद झाला. दादाला पुढच्या वर्षीही कोणाचा सल्लागार होता येणार नव्हतं. घाई रडली. चष्मिश दप्तर भरताना एवढंच म्हणाला, 'आम्हाला विचारायचं तरी होतंस.' ते दोघं एकत्र निघून गेले. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत बसले. तिला गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही.

घरी आल्यावर पहिलं काम केलं. तो प्रोग्रॅम काढून टाकला. घंटा वगैरे काही वाजली नाही.

दादाचा फोन आला. एरवी तो फोन करत नाही, त्यामुळे त्याचा आवाज मला जरा परका वाटला.

'कोणाला कळलं असतं, सांग ना?' तो म्हणाला.

'तू सही केली होतीस, दादा.'

'केली होती. दिवसभर नुसता बघत बसलो होतो. हात लावणार नव्हतो, खरंच. पण तुम्ही रेषेखाली अडकलात आणि मला राहवलं नाही. तुला यायचं नव्हतं का?'

असं विचारतात का कोणी?

'यायचं होतं. मला तेवढंच हवं होतं.'

'मग सांगितलंस कशाला?'

'ती ओळ तू काढलीस. मग तिथे मी कोण म्हणून आले असते?'

त्याच्याकडे पंख्याचा आवाज येत होता, माझ्याकडे फ्रीजचा. स्पर्धा नाही, म्हणजे सराव नाही. सराव नाही, तर उद्या संध्याकाळी आम्ही एकमेकांशी काय बोलणार होतो? लोक भावाशी काय बोलतात, हे मला खरंच माहीत नव्हतं.

'मी गादी आणून ठेवलीय,' तो शेवटी म्हणाला. 'तुझ्यासाठी. निकालाच्या आधीच आणली.'

'मग आता तूच झोप तिच्यावर.'

'नको,' तो म्हणाला. 'अजून प्लॅस्टिक काढलं नाहीये.'